तिसरी घंटा आणि खिशातली घंटा

मराठी रंगभूमीवर तिसऱ्या घंटेला एक मान आहे. पहिली घंटा झाली की बाहेर चहा घेणारी मंडळी घड्याळाकडे पाहतात, दुसरीला आत येऊन आपापल्या जागा शोधतात आणि तिसरीला प्रेक्षागृहातले दिवे मंदावतात. कुजबुज थांबते. एकमेकांना न ओळखणारी काही शे माणसे एकाच वेळी एकाच दिशेला पाहू लागतात. या घंटेआधी आता निवेदकाचे एक वाक्यही आपल्या सवयीचे झाले आहे. आपले मोबाईल कृपया बंद ठेवावेत, असे तो विनवतो. तरीही प्रयोगाच्या ऐन भरात कुठेतरी एक खिसा वाजतो. २०१९ साली सुमीत राघवन आणि सुबोध भावे या नटांनी या प्रकाराबद्दल जाहीर संताप व्यक्त केला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. ती चर्चा मुख्यतः प्रेक्षकांच्या शिस्तीविषयी होती. आम्हांला मात्र त्या प्रसंगात दोन घंटांचा सामना दिसतो. एक घंटा विखुरलेल्यांना एकत्र आणते आणि दुसरी एकत्र आलेल्यांतल्या एकेकाला वेगळे काढून नेते. पहिल्या जातीच्या घंटेपासून दुसऱ्या जातीच्या घंटेपर्यंत आपण कसे आलो, आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे त्यात काय पणाला लागले आहे, याचा थोडा इतिहास पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

१

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या घंटा सगळ्याच मंगल होत्या आणि आजच्या तेवढ्या त्रासदायक आहेत, असे नव्हे. देवळाची घंटा, मशिदीची बांग, शाळेची घंटा यांच्याबरोबरच गिरणीचा भोंगाही होता. गिरणगावातील पिढ्यान्‌पिढ्यांचे झोपणे-उठणे त्या भोंग्याने ठरवले. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे, की कारखानदारीने माणसाकडून केवळ श्रम घेतले नाहीत; कामाच्या लयीने मोजला जाणारा त्याचा काळ तिने घड्याळाच्या ताब्यात दिला. तेव्हा सार्वजनिक घंटेतही सत्ता असतेच. तथापि त्या घंटेचे दोन गुण लक्षात घेण्याजोगे आहेत. ती सर्वांसाठी एकच असे आणि ती ठरलेल्या वेळी वाजे. भोंगा झाला की कामगार शिव्या देत का होईना, पण एकत्र निघत. त्याच भोंग्याखाली ते एकत्र आले आणि संपही त्यांनी एकत्रच केले.

वेळी-अवेळी येणारी आणि एकाच घराला उद्देशून असलेली हाक म्हणजे तार. आपल्याकडे तिची धास्ती मोठी होती. तारवाला दारात दिसला की पाकीट फोडण्याआधीच घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येई, याच्या आठवणी जुन्या पिढीच्या आत्मपर लेखनात जागोजागी सापडतात. तारेचा दरारा तिच्या दुर्मिळतेत होता. शब्दागणिक पैसे मोजावे लागत, म्हणून पाठवणारा आधी स्वतःशी विचार करी: हे कळवलेच पाहिजे का? आणि कळवायचेच तर किती कमी शब्दांत? व्यत्ययाची किंमत व्यत्यय आणणाऱ्याच्या खिशातून जात असे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. त्याच्या कितीतरी आधीच ही किंमत दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे सरकली होती.

हे सरकणे टेलिफोनपासून सुरू झाले, असे म्हणता येईल. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना एकस्व मिळाले ते १८७६ साली, आणि अवघ्या सहा वर्षांत, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. टेलिफोनच्या घंटेत एक नवी गोष्ट होती. पत्र किंवा तार आली तर ती वाट पाहू शके. उशीखाली ठेवून दुसऱ्या दिवशीही वाचता येई. टेलिफोन थांबायला तयार नव्हता. पाहुण्यांशी बोलणे चालू असले तरी, ‘जरा थांबा हं, फोन आलाय,’ म्हणून उठणे सभ्यपणाचे ठरू लागले. समोर बसलेल्या माणसापेक्षा दूरच्या माणसाचा हक्क मोठा, हा शिष्टाचारातला बदल तेव्हाच घडला. अर्थात आपल्याकडे तो बराच काळ मोजक्या घरांपुरता राहिला. दूरध्वनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या काळात चाळीत, वाड्यात एकाच घरी फोन असे आणि बाकीचे सारे आपल्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर त्याचा क्रमांक ‘पी. पी.’ म्हणून देत. कुणाचाही फोन आला की गॅलरीतून हाक जाई. एकाचा व्यत्यय हा अख्ख्या मजल्याचा व्यत्यय होता. आणि म्हणूनच तो आणताना माणूस संकोचत असे. रात्री दहानंतर शेजाऱ्यांकडे फोन करायचा तर कारण तसेच असावे लागे.

२

यापुढचा इतिहास झपाट्याचा आहे. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला लघुसंदेश एका संगणकावरून मोबाईलवर गेला. नाताळच्या शुभेच्छांचा तो मजकूर होता. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांना दिल्लीला केलेला फोन हा भारतातील पहिला मोबाईल संवाद मानला जातो. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. त्या महागाईतून आपल्याकडे ‘मिस्ड कॉल’ ही खास देशी रीत जन्माला आली. दोनदा वाजवून ठेवून द्यायचे; म्हणजे ‘पोचलो’, किंवा ‘खाली ये’, किंवा ‘तूच कर’. अर्थ ज्याचा त्याने आधी ठरवलेला असे. संभाषणाशिवायची घंटा हाच संदेश, अशी ही रीत होती. आजच्या नोटिफिकेशनची ती पूर्वज म्हणता येईल. फरक एवढाच, की मिस्ड कॉलमागे एक ओळखीचे बोट नक्की असायचे.

दरम्यान १९९९ साली कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीने ब्लॅकबेरी बाजारात आणला होता. तोपर्यंत ई-पत्र पाहायचे तर संगणकापाशी जाऊन पेटी उघडावी लागे. पेटी उघडण्याचा क्षण वाचणाऱ्याच्या हाती होता. ब्लॅकबेरीने पत्र आपण होऊन खिशात पोचवले आणि लाल दिवा लुकलुकवून तसे कळवलेही. लोक या उपकरणाच्या इतके आहारी गेले, की ‘क्रॅकबेरी’ असा एक मादक पदार्थाचे नाव जोडलेला शब्द रूढ झाला, आणि २००६ साली वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड कॉलेज शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. तरी हे वेड अधिकारी वर्गापुरते होते. ते सर्वांच्या वाट्याला येण्यासाठी जून २००९ उजाडावा लागला. ॲपल कंपनीने त्या महिन्यात आपल्या आयफोनवर ‘पुश नोटिफिकेशन’ची सोय खुली केली. ॲप बंद असले तरी त्याचा निर्माता दूरच्या यंत्रातून तुमच्या पडद्यावर ओळ उमटवू शकेल, आवाज करू शकेल, कोपऱ्यात लाल आकडा लावू शकेल, अशी ही व्यवस्था होती. पुढच्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडसाठी तशीच सेवा सुरू केली.

व्हॉट्सॲपची जन्मकथा या संदर्भात मोठी उद्बोधक आहे. जॅन कूम यांनी २००९ च्या आरंभी ते रचायला घेतले, तेव्हा ते संदेश पाठवण्याचे साधन नव्हतेच. ‘कामात आहे’, ‘बॅटरी संपत आली आहे’, ‘व्यायामशाळेत आहे’ अशी पाटी आपल्या नावापुढे लावता यावी, म्हणजे फोन करणाऱ्याला आधीच अंदाज यावा, एवढीच मूळ कल्पना होती. व्यत्यय टळावा म्हणून काढलेली ती युक्ती होती! पुश नोटिफिकेशन आल्यावर तीत एक भर पडली. तुम्ही पाटी बदलली, की तुमच्या साऱ्या परिचितांचे फोन किणकिणत. लोकांनी गमतीने पाटीवरूनच एकमेकांशी बोलायला सुरुवात केली, आणि ते पाहून कूम यांनी तिला संदेशवहनाचे रूप दिले. ‘मला आत्ता बोलावू नका’ हे सांगण्यासाठी केलेली पाटी जगातील सर्वांत मोठ्या हाकाऱ्याच्या साधनात बदलली. इतिहासात असा उपरोध विरळा.

मुख्य बदल येथे घडला. घंटा वाजवणारे माणूस असलेच पाहिजे, ही अट संपली. मित्राचा निरोप, बँकेची नोंद, महाविद्यालयाच्या गटावर आलेले परिपत्रक, ‘तुम्ही बरेच दिवसांत आला नाहीत’ असे लाडिकपणे म्हणणारे खरेदीचे दुकान हे सारे एकाच आवाजात, एकाच आकाराच्या चौकटीत येऊ लागले. पूर्वी दारावरची थाप ऐकून घरातला माणूस ओळखत असे, की हा दूधवाला, हा पोस्टमन, हा घाईत असलेला शेजारी. आता थाप एकच. ती कुणाची हे कळण्यासाठी दार उघडावेच लागते. आणि व्यत्यय तर दार उघडण्यातच असतो.

३

नोटिफिकेशनला मराठी पडद्यावर ‘सूचना’ हा प्रतिशब्द मिळाला आहे. हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांना दोन ठिकाणी भेटतो: भिंतीवरच्या फलकावर आणि काव्यशास्त्राच्या पुस्तकात. नाट्यशास्त्रात जे रंगमंचावर दाखवायचे ते ‘दृश्य’ आणि जे नुसते कळवायचे ते ‘सूच्य’. हे सूच्य कळवण्याचे पाच मार्ग धनंजयाच्या ‘दशरूपका’त सांगितले आहेत आणि त्यांतला एक आहे ‘चूलिका’. पडद्याआडून, नेपथ्यातून आलेल्या आवाजाने एखादी गोष्ट कळणे म्हणजे चूलिका. बोलणारा दिसत नाही, त्याची हाक तेवढी ऐकू येते. नोटिफिकेशनचे याहून नेमके वर्णन आम्हांला तरी सुचत नाही.

नेपथ्यातून आलेली आणि ऐकली न गेलेली एक हाक संस्कृत नाटकात अजरामर झाली आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकाच्या आरंभी अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचत आहेत. शकुंतला कुटीपाशी एकटी, दुष्यंताच्या विचारात हरवलेली. दुर्वास आश्रमात येऊन आपण आल्याचे कळवतात. तिला ते ऐकूच येत नाही. त्यावर शाप मिळतो: जिच्या मनात दुसरे कुणी नाही म्हणून तू मला ओळखले नाहीस, तोच तुला ओळखणार नाही, अशा आशयाचा. महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात हा शाप नाही, आणि कालिदासाने दुष्यंताचा विसर निर्दोष ठरवण्यासाठी त्याची योजना केली, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरेच आहे. परंतु शापाची दुसरी बाजू आज अधिक जाणवते. शकुंतलेचा अपराध कोणता? तर पूर्ण अवधानाचा. एका ठिकाणी लागलेले मन दुसऱ्याच्या हाकेला लगेच ओ देत नाही, हे समाजाला सहन होत नाही. आश्रमकन्येचे कर्तव्य अतिथीसत्काराचे. म्हणजे तिने नेहमी ‘उपलब्ध’ असले पाहिजे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने वाचलेल्या संदेशापुढे दोन निळ्या खुणा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दुर्वासांची ही जुनी तक्रार कोट्यवधी माणसांच्या हाती आली. ‘पाहिलेस, तरी उत्तर का दिले नाहीस?’ हा प्रश्न प्रियकर प्रेयसीला, मुलगा आईला, वरिष्ठ कनिष्ठाला विचारू लागला. घंटेला ओ न देणे हा आता दोष झाला आणि त्याचा पुरावाही उपलब्ध झाला. व्यत्यय आणण्याचा हक्क आणि व्यत्यय स्वीकारण्याचे कर्तव्य यांची ही नवी आचारसंहिता कुणी बसून लिहिलेली नाही. पण तिचे शाप मात्र खरे आहेत.

४

व्यत्ययाने नेमके काय होते, याचा शोध मानसशास्त्राने मोबाईलच्या कितीतरी आधी सुरू केला होता. बर्लिन विद्यापीठात कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवणे, मणी ओवणे अशी वीसेक छोटी कामे माणसांना द्यायची, त्यांतली निम्मी मध्येच थांबवायची, आणि नंतर विचारायचे, कोणती कामे आठवतात? त्यांच्या प्रयोगात अर्धवट राहिलेली कामे अधिक आठवली. पुढे याच्या पुनर्प्रयोगांत हा निष्कर्ष सर्वत्र टिकला नाही. मात्र त्याच वर्तुळातील मारिया ओव्स्यांकिना यांनी १९२८ साली नोंदवलेले निरीक्षण अधिक टिकाऊ ठरले: काम मध्येच थांबवलेल्या माणसाला कुणी सांगितले नाही तरी तो संधी मिळताच त्याच कामाकडे परततो. मन अर्धवट राहिलेल्याकडे ओढ घेते.

आजच्या काळासाठी या निरीक्षणाचा अर्थ दुहेरी आहे. मनाची ही ओढ आपल्याला अर्धवट राहिलेल्या पानाकडे परत आणते, हे चांगलेच. पण तीच ओढ न पाहिलेल्या संदेशाकडेही नेते. सोफी लेरॉय यांनी २००९ साली या दुसऱ्या बाजूला एक नाव दिले, ते मराठीत ‘लक्षाची शिल्लक’ असे सांगता येईल. पहिले काम टाकून दुसरे हाती घेतले तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच राहून जातो आणि दुसरे काम त्या प्रमाणात उणे होते. २०१५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्य विद्यापीठात केलेला प्रयोग तर अधिक बोलका आहे. चिकाटीने लक्ष देण्याच्या कामात माणसांना गुंतवून त्यांतल्या काहींच्या फोनवर मध्येच फोन किंवा संदेश पाठवण्यात आले. त्यांनी फोन हातात घेतला नाही. तरीही त्यांच्या चुका लक्षणीय वाढल्या. फोन नुसता वाजणे पुरेसे ठरले. कारण ‘कोण असेल?’ हा प्रश्न मनात उभा राहिला की काम मागे पडतेच.

व्यत्यय किती लहान असला म्हणजे निरुपद्रवी? मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली याचे उत्तर दिले. क्रमाने पायऱ्या करत जाण्याच्या कामात सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययाने क्रम चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले आणि ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट. पडद्यावरची एक ओळ वाचायला साधारण एवढाच वेळ लागतो. प्रयोगशाळेत चूक झाली तर आकडा चुकतो. रुग्णालयात त्याची किंमत वेगळी असते. सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधे देत असताना केलेल्या निरीक्षणांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतल्या त्रुटी १२.१ टक्क्यांनी आणि औषधोपचारातल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढत गेल्या. ते व्यत्यय सारे मोबाईलचे नव्हते. परंतु मनाला त्याने फरक पडत नाही.

येथे एक उलट पुरावाही नमूद केला पाहिजे. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली कार्यालयीन कामाची नक्कल करून पाहिली, तेव्हा व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले आणि त्याचा दर्जाही फारसा घसरला नाही. किंमत मोजली गेली ती ताण, घाई आणि वैताग या रूपांत. म्हणजे माणूस व्यत्ययाशी जुळवून घेतो. तो वेग वाढवतो. ई-पत्रांना उत्तरे देण्याच्या कामात हे जमूनही जाते. मात्र ज्या कामाचा अर्थच त्याच्या संथपणात आहे, त्याचे काय? कादंबरी लवकर संपवणे म्हणजे कादंबरी वाचणे नव्हे.

५

साहित्याच्या इतिहासात व्यत्ययाची सर्वांत प्रसिद्ध कथा कोलरिजची आहे. १७९७ साली अफूच्या गुंगीत दिसलेली दीर्घ कविता उतरवून घेत असताना पोरलॉक गावाहून कुणी माणूस कामानिमित्त आला, तासाहून अधिक वेळ बसला, आणि तो गेल्यावर उरलेली कविता मनातून नाहीशी झाली होती, असे त्याने १८१६ साली ‘कुब्ला खान’ छापताना प्रस्तावनेत सांगितले. तो माणूस खरोखर आला होता, की अपूर्ण कवितेसाठी कवीने रचलेली ती सबब होती, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की कोलरिजच्या कथेत कवीला दार बंद करून बसण्याची मुभा गृहीत धरलेली आहे. व्यत्यय हा तेथे अपवाद आहे. व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्ये दाखवले, की निम्म्या मानवजातीसाठी व्यत्यय हाच नियम होता. स्वतःची खोली आणि तिला कुलूप ही मागणी मूलतः अखंड वेळेची मागणी होती.

आपल्या जात्यावरच्या ओव्या ही त्याच नियमातून जन्मलेली वाङ्मयनिर्मिती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. पहाटेचा प्रहर, हातात खुंटा, मांडीवर कधी मूल. मध्येच ते रडणार, मध्येच दळण संपणार, सासूची हाक येणार. ओवीचा बंध या जगण्याला साजेसा आहे. ती दोन ओळींत पुरी होते. तुटली तर पुढच्या फेऱ्याला पुन्हा धरता येते. एकीने सोडली तर दुसरी उचलते. व्यत्ययाला सामावून घेणारी ही रचना पाहिली म्हणजे ‘एकांताशिवाय साहित्य नाही’ असे सरसकट म्हणता येत नाही. पण त्या व्यत्ययांचे स्वरूपही पाहिले पाहिजे. रडणाऱ्या मुलाचा आईवर हक्क होता. सासूची हाक जाचक असली तरी ती कोण, कुठून आणि कशासाठी हाक मारते, हे माहीत होते. आणि जाते स्वतः मध्येच गप्प राहत असे. मनाला परतायला जागा ठेवत असे.

दक्षिणेत तर व्यत्ययाचीच एक कला झाली. तेलुगू, कन्नड आणि संस्कृतात चालत आलेल्या ‘अष्टावधाना’त आठ प्रच्छक एका अवधानी पंडिताला घेरून बसतात. कुणी समस्या देतो, कुणी काही अक्षरे निषिद्ध ठरवतो, कुणी मधूनमधून घंटा वाजवतो आणि तिचे टोले अवधान्याने मनात मोजत राहायचे असतात. त्यांत एक प्रच्छक असतो ‘अप्रस्तुतप्रसंगा’चा. मध्येच काहीतरी असंबद्ध, मिस्किल विचारून पंडिताचे लक्ष उडवणे हेच त्याचे काम. अवधानी त्यालाही हजरजबाबी उत्तर देतो आणि प्रत्येक फेरीत एकेक चरण रचत शेवटी सारे श्लोक मनातून एकसंध म्हणून दाखवतो. या शेवटच्या भागाला ‘धारण’ म्हणतात. व्यत्यय आणणारा समोर बसलेला आहे, त्याची संख्या एक आहे, खेळाला शेवट आहे, आणि तुटलेले पुन्हा जोडण्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे, या चार गोष्टींमुळे तेथे व्यत्यय हा अवधानाची कसोटी ठरतो. आपल्या पडद्यावर अप्रस्तुतप्रसंगाचे प्रच्छक अगणित आहेत, ते दिसत नाहीत, खेळ कधी संपत नाही, आणि धारणेची फेरी कुणी ठेवलेलीच नाही.

‘अवधान’ हा शब्द मराठी वाचकाला मुळात ज्ञानेश्वरांनी दिला. ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधानाचे दान मागतात. ग्रंथकर्त्याने ज्ञान द्यावे आणि श्रोत्याने ते निमूट घ्यावे, असे नाते तेथे नाही. श्रोत्यानेही काही द्यायचे असते, आणि ते दिल्याशिवाय ग्रंथ पुरा होत नाही. अवधान ही देण्याची वस्तू आहे, हा विचार आज नीट आठवला पाहिजे. कारण जे देता येते ते हिरावूनही घेता येते.

६

मग उपाय काय? ‘फोन बंद ठेवा’ हा उपदेश सोपा आहे आणि आम्हीही तो वर्गात करतो. परंतु फोन बंद ठेवणे कुणाला परवडते, हा प्रश्न त्या उपदेशात बुडून जातो. संध्याकाळी घरपोच जेवण पोचवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला प्रत्येक किणकिण म्हणजे एक फेरी, म्हणजे पोटाची भाकरी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याला रात्री अकरा वाजता गटावर आलेला ‘उद्या माहिती सादर करावी’ हा निरोप न पाहण्याचे धाडस होत नाही. पुढच्या वर्षीची नेमणूक त्याच्या डोळ्यांपुढे असते. शांतता ही अशा रीतीने पदानुसार वाटली जाऊ लागली आहे. ज्याचा फोन दुसरा कुणी उचलतो तो मोठा, आणि ज्याला दुसऱ्याचाही उचलावा लागतो तो लहान.

म्हणूनच व्यत्ययाचा प्रश्न एकट्याच्या मनोनिग्रहावर सोडून चालत नाही. तो सुटला तेथे नियमाने सुटला आहे. १९७४ साली अमेरिकेत शार्लट येथे एक प्रवासी विमान उतरताना कोसळले. वैमानिक त्या वेळी अवांतर गप्पांत होते, असे चौकशीत दिसून आले. पुढे १९८१ साली तेथे नियम झाला, की दहा हजार फुटांखाली, म्हणजे उड्डाण आणि अवतरण या नाजूक टप्प्यांत, विमानचालनाखेरीज कोणतेही बोलणे वा काम वैमानिकांनी करायचे नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांतील कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळाले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. तंत्रज्ञान कंपन्यांनीही २०१२ पासून ‘व्यत्यय नको’ अशी कळ फोनमध्ये दिली आहे. पण आधी सर्व दारे उघडी ठेवून मग एकेक कडी लावण्याचे काम ज्याच्या त्याच्यावर टाकायचे, अशी ही उदारता आहे. शिवाय सारेच बंद करणे हेही उत्तर नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिवसातून तीनदा एकगठ्ठा सूचना मिळणारे लोक अधिक स्वस्थ आणि एकाग्र आढळले. ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या त्यांची मात्र अस्वस्थता वाढली. माणसाला टपाल हवे असते. ते ठरलेल्या वेळी यावे, एवढेच त्याचे मागणे असते.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे वाटते. करोनाकाळात मुलांचे शिक्षण फोनवर गेले आणि साथ ओसरल्यावरही मुले फोनमध्येच राहिली, हे पाहून गावाने ठराव केला. १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांत दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करायचे. साडेआठला तो पुन्हा वाजला की सुरू करायचे. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, बोलण्याचा. गिरणीच्या भोंग्याने कामगाराचा काळ काढून घेतला होता. येथे भोंग्यानेच काळ परत मागितला आहे. लहान घंटांना गप्प करण्यासाठी मोठी, सर्वांची, ठरलेल्या वेळची घंटा लागते, हे त्या गावाने कोणत्याही मानसशास्त्रज्ञाला न विचारता ओळखले. एकट्या मुलाला फोन बाजूला ठेवणे जड जाते; कारण त्याचे मित्र तेथे बोलत असतात. सगळेच एकदम ठेवतात तेव्हा चुकण्यासारखे काही उरत नाही.

साहित्याचा तास हा अशाच एका भोंग्याखालचा काळ आहे, असे आम्ही मानतो. पन्नास मिनिटे, एक पुस्तक, साठ माणसे. या तासाचे समर्थन आजवर आपण आशयाच्या नावाने केले: विद्यार्थ्यांना परंपरा कळावी, भाषा यावी, मूल्ये रुजावीत. यांतले पुष्कळसे आता त्यांना अन्यत्रही मिळू शकते. अन्यत्र सहसा न मिळणारी एक गोष्ट मात्र या तासापाशी आहे, आणि ती म्हणजे अनेकांनी मिळून एका मजकुराला दिलेले अखंड अवधान. त्याची सवय ज्यांना लागणार नाही, त्यांच्यासाठी दीर्घ कादंबरी हळूहळू वाचण्याबाहेर जाईल, आणि कालांतराने लिहिण्याबाहेरही. दीर्घ वाक्य, सावकाश उलगडणारे पात्र, शंभर पानांनंतर फळाला येणारी सूचना, येथे तो शब्द त्याच्या जुन्या अर्थाने घ्यावा, या साऱ्यांना तेवढा वेळ थांबणारा वाचक लागतो. तो आयता मिळेल असे दिवस गेले. त्याला घडवावे लागेल, आणि त्यासाठी आधी त्याला तेवढी निवांत पन्नास मिनिटे मिळवून द्यावी लागतील. अभ्यासक्रमाच्या बैठकांत आपण कोणती पुस्तके लावावीत यावर तासन्‌तास वाद घालतो. ती वाचण्यासाठी लागणारा वेळ कुणी राखायचा, हा विषय त्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आता पहिल्या क्रमांकाने यावा.